एका नातीमागे दोन भाषा

मलयाळम शिकायला मी जिवाचं रान केलं आणि ते सगळं पाण्यात गेलं.

मी एसटीत कंडक्टर होते. अमरावती-अचलपूर गाडीवर आयुष्य काढलं, बोलण्यात कोणाला हार गेले नाही. पण स्वतःच्या नातीपुढे मुकी झाले. मुलगा आणि सून दोघंही बँकेत. मुलगा इथला, अमरावतीचा, सून अकोल्याची, म्हणजे दोघंही आपलीच माणसं. त्यांची बदली कोचीला झाली तेव्हा नात नुकती बोबडं बोलायला लागली होती. आईबाप दिवसभर कामावर, पोरगी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे. त्यांना ती अम्मूम्मा म्हणायला लागली. अम्मूम्मा म्हणजे आजी. मग मी कोण? फोनमधली बाई! जीव नुसता जळायचा.

"अरे, तिच्याशी मराठीत बोलत जा नं घरी," मी मुलाला म्हणायची.

"आई, आम्ही येतो तेव्हा ती झोपलेली असते," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

म्हटलं, ठीक आहे बापू, मीच शिकते. मोबाईलवर बघून बघून सुरुवात केली. अक्षरं सगळी गोल गरगरीत, कुठून सुरू होतात अन् कुठं संपतात, पत्ता नाही. शब्दाला शब्द जोडून एवढे लांबवतात की मधे श्वास घ्यायला जागा नाही. पाण्याला म्हणे वेळ्ळम. त्यात तो ळ! आमच्या वऱ्हाडी तोंडात डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते, आणि इथं ळ आल्याशिवाय पाणीच मिळत नाही. तरी घोकलं. 'वा' म्हणजे ये, 'इरिक्कू' म्हणजे बस, एवढं जमलं. नात माझ्या बोलण्याला हसायची, पण उत्तर द्यायची. उत्तर द्यायची हो!

एकदा कोचीला जाऊन आले. निघताना अम्मूम्मांचा निरोप घ्यावा म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं. दारात उभी राहून ऐटीत म्हटलं, "ञान पोगुन्नु." मी जाते. बाईंनी चटकन तोंडावर हात ठेवला, मान हलवली आणि हळूच म्हणाल्या, "पोयिट्टु वराम." जाऊन येते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, आमच्याकडे तरी उंबऱ्यात कोण 'जातो' म्हणतं? मुलगा शाळेला निघाला की मी रोज ओरडायची, "जातो नोको म्हनू रे, येतो म्हन!" आणि परक्या भाषेत तेच मी स्वतः करून बसले. अमरावती येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत राहिले, पुढच्या वेळी चुकायचं नाही म्हणून.

पुढची वेळ आलीच नाही. बदली झाली, कोलकाता! वर्षाच्या आत पोरगी मलयाळम साफ विसरली. मी फोनवर "वा, वा" करतेय आणि ती तोंडाकडे बघतेय. खालच्या घरमालकीणबाई आता दिदा झाल्या होत्या. दिदा म्हणजे पुन्हा आजीच. डोकंच फिरलं माझं.

"बंगाली सोपी आहे, आपल्यासारखीच," जो तो सांगायचा. डोंबल! अक्षरं रेषेला लटकलेली असतात आपल्यासारखी, हे खरं. शब्दही ओळखीचे वाटतात. पण जल म्हणायचं तर जॉल, बसा म्हणायचं तर बोशो. सगळं कळतंय असं वाटतं आणि वाक्य संपलं की हाती काही नाही. मलयाळमनं निदान दार सरळ बंद ठेवलं होतं. ही ओसरीवर बसवते अन् आत घेत नाही. एका बाबतीत तेवढ्या दोघी सारख्या. बाप्या गेला काय अन् बाई गेली काय, दोघींकडे क्रियापद एकच. गेला-गेली-गेलं हा खटाटोप आपणच करतो. पण असलं काही कळून मला काय फायदा? मला नातीशी बोलायचं होतं. आणि माझ्या तोंडून 'बोशो'च्या जागी 'इरिक्कू' निघायचं. ती फोन आईच्या हातात देऊन पळायची.

या उन्हाळ्यात ते आले, थोडे दिवस अकोल्याला, थोडे इथं. मराठी तिला ये, जा, जेव एवढ्यापुरतीच कळते. मी सांजोऱ्या केल्या, "खाबे?" विचारलं, म्हणजे खाशील का. तिनं एक खाल्ली आणि हातवारे करत माझ्याकडे बघून खूप काही सांगितलं. डोळे नुसते चमकत होते. मला एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हनते वं ते?" मी सुनेला विचारलं.

"काही नाही आई, असंच," ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली.

असंच! मला तेच 'असंच' पाहिजे होतं.

निघायच्या दिवशी बडनेऱ्याला स्टेशनवर सोडायला गेले. मुलानं सामान चढवलं, दारात वाकून म्हणाला, "चल आई, जातो." जुनं वाक्य तोंडावर आलं होतं, पण राग एवढा भरला होता की गिळून टाकलं. म्हटलं जा, काय म्हणायचं ते म्हण.

तेवढ्यात नातीनं बापाचा शर्ट ओढला. डोळे वटारून म्हणाली, "बाबा! जाई बोलते नेई. बोलो आशि!"

मोबाईल काढावा लागला नाही. सून मधे लागली नाही. माझंच वाक्य होतं ते, शब्दाला शब्द, उंबऱ्यातलं: जातो म्हणू नको, येतो म्हण. दिदांनी शिकवलं असणार. मी फलाटावरून ओरडले, "हाव माय, बराबर बोलली तू! सांग त्याले!"

"हां बेटा, हां," म्हणत मुलगा बर्थ शोधायला आत गेला.

नात दारातच आईचा हात धरून थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आशि, आजी." आजी! दिदा नाही, अम्मूम्मा नाही. गाडी हलली. मी "एशो, एशो", ये गं ये, म्हणत डब्यासोबत चालत राहिले, आणि ज्याला रोज शिकवलं होतं तो काही 'येतो' म्हणायला बाहेर आला नाही.