रावसाहेबाचं स्पिटफायर

मी हवाई संरक्षण तोफखान्यातला हवालदार. तोफ मात्र मी फार थोडी चालवली. माझं काम तोफेसमोर विमान नेण्याचं. गारखेड्यात शेजाऱ्यांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, काका थापा मारतायत. थापा नाहीत. सरावासाठी खरं विमान काही पाडता येत नाही. म्हणून आम्ही रेडिओवर चालणारी टार्गेट विमानं उडवायचो, आणि तोफेवाले ती पाडायचे.

शेवटची सात वर्षं माझी पोस्टिंग वाळवंटातल्या फायरिंग रेंजवर होती. पाच तीसला फॉल-इन. सहाला वाऱ्याचा रिपोर्ट. सातला पहिली सॉर्टी, म्हणजे पहिलं उड्डाण. गलोलीसारख्या कॅटापल्टवरून विमान सुटायचं आणि मी रेडिओवर बोलायचो.

"टार्गेट इन. रेंज थ्री थाउजंड. ओव्हर."

"रॉजर. गन्स फ्री."

विमान सरळ ठेवायचं, एका उंचीवर ठेवायचं. पडलं तर तोफेवाले नाचायचे आणि संध्याकाळी आम्हाला रम पाजायचे. वाचलं तर बटण दाबायचं. पॅराशूट उघडायचं, आणि विमान वाळूत अलगद येऊन बसायचं. मग जीप घेऊन उचलून आणायचं.

माझा जोडीदार नाईक रावसाहेब चव्हाण. आमच्या गंगापूरचाच गडी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बोटं अशी हलकी की विमान त्याच्या हातात आलं की इंजिनाचा आवाजसुद्धा बदलायचा. एकाच तालुक्याचे म्हणून आमचं जमलं, आणि भांडणंही तेवढीच झाली. त्याला एकच वेड होतं. जुन्या लढाऊ विमानांचं मॉडेल करायचं, ज्याला शौकीन लोक वॉरबर्ड म्हणतात. त्यातही दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर.

"बन्सी, हे टार्गेट म्हंजी पाडायला पाठवलेलं बकरं," तो म्हणायचा. "एक तरी असं उडवू की ज्याच्यावर कुणी गोळी झाडणार नाय."

दर सुट्टीत तो गंगापूरच्या घरी बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फळ्या तासत बसायचा. पाच सुट्ट्यांत पाच फूट पंखांचं विमान झालं. रंग झाला, पंखांवर आपल्या हवाई दलाची गोल खूणही झाली. मोटर तेवढी राहिली होती.

मग त्याची बदली बर्फातल्या पोस्टवर झाली. तिसऱ्या महिन्यात बर्फाचा कडा त्याच्यावर कोसळला. मला सकाळी साडेनऊला रेंजवर वायरलेसवर कळलं. साडेदहाला पुढची सॉर्टी होती. ती मी केली. विमान सरळ ठेवलं, उंचीवर ठेवलं. तोफेवाल्यांनी ते पहिल्याच फेरीत पाडलं. त्या संध्याकाळी मी रम घेतली नाही.

पेन्शन घेऊन औरंगाबादला आलो. आता संभाजीनगर म्हणायचं, पण तोंडाला जुनंच बसलंय. वर्षभरानं शोभावहिनी, रावसाहेबाची बायको, एसटीनं घरी आल्या. चादरीत गुंडाळलेलं मोठं गाठोडं रिक्षातून उतरवलं. आत ते विमान.

"भाऊजी, मोटर बसवा आन् उडवा. मला एकदा बघायचंय."

"त्यात काय, वहिनी! आयुष्यभर तेच केलंय."

असं मी छातीठोक बोललो. तरी हात थोडा कचरला. आधी सवय करावी म्हणून फोमचं तयार स्पिटफायर विकत आणलं. बीड बायपासच्या पलीकडं, प्लॉटिंग झालेल्या पण घरं न झालेल्या माळावर, रविवारी सकाळी चार-पाच शौकीन विमानं उडवायचे. त्यांच्यात मुळे मॅडम मुख्य. दातांच्या डॉक्टर, गुलमंडीला दवाखाना. मी त्यांना माझी सर्व्हिस सांगितली. बाई एकदम अदबीनं बाजूला झाल्या.

विमान वर गेलं आणि झकास उडालं. मी सरळ ठेवलं, उंचीवर ठेवलं. लोक बघतच राहिले. मी मिशीला हात लावणार, तेवढ्यात बॅटरी संपत आल्याचा टायमर वाजला. माझा अंगठा बटण शोधायला गेला. बटण नव्हतं.

मी वेग कमी केला. वाटलं, हळू आणलं म्हणजे हळूच बसेल. एक पंख गपकन खाली गेला आणि विमान नाकावर आपटलं. तीन तुकडे झाले.

मॅडम तुकडे गोळा करत म्हणाल्या, "काका, ह्याआधी लँडिंग किती केलीत?"

"एक पण नाय."

"म्हणजे? इतकी वर्षं उडवलीत ना?"

"पॅराशूट असायचं. नाय तर तोफेवाले उतरवायचे."

बाई हसता हसता खालीच बसल्या. मलाही हसू आलं, पण आतून पार खजील झालो. शेकडो सॉर्टी केलेला माणूस, आणि विमान जमिनीवर टेकवता येत नाही. वहिनींना तर शब्द देऊन बसलो होतो. विमान एकच होतं, आणि ते बनवणारा आता नव्हता.

"काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण अर्धा आहे," मॅडम हसू आवरून म्हणाल्या. "वॉरबर्ड निवडताना आपण किती वर्षं उडवतोय हे विचारायचं नाही. आपण किती उतरवलीत हे विचारायचं. आणि स्पिटफायर तर सगळ्यात शेवटी. त्याची चाकं जवळजवळ असतात, जमिनीवर कलंडतं. वेग गेला की एक पंख खाली टाकतं."

"मग काय करू?"

"रिक्रूट व्हा परत."

झालो. पंचेचाळिसाव्या वर्षी वरती पंख असलेलं ट्रेनर घेतलं. ते स्वतःच स्वतःला सांभाळतं, म्हणून नवशिक्याला बरं. मॅडमनी हुकूम सोडला की पन्नास लँडिंग झाल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही. रुंद दांडीवरची चाकं जमिनीला लागली की मी मोठ्यानं आकडा म्हणायचो. त्यानंतर खालच्या पंखांचं साधं विमान. मग रुंद चाकांचं मस्टँग, माझं पहिलं वॉरबर्ड. ते दोनदा उलटं झालं, दोनदा चिकटवलं. दीड वर्ष गेलं. वहिनींचा फोन यायचा, "व्हतंय का भाऊजी?" मी म्हणायचो, "अजून नाय." खोटं बोलायची लाज वाटली असती.

शेवटी एका रविवारी मॅडमच म्हणाल्या, "बोलवा त्यांना."

वहिनी पहिल्या गाडीनं आल्या. आठ दहाला, मोटर बसवलेलं रावसाहेबाचं स्पिटफायर उडालं. बॅटरी सात मिनिटांची, टायमर मी पाचवर लावला होता. वळताना पंखांवरची खूण उन्हात दिसली. वहिनी पदर तोंडाला लावून वर बघत होत्या. चौथ्या मिनिटाला सातारा डोंगराकडून आडवा वारा सुटला.

टायमर वाजला. मी खाली आणलं. टेकायच्या आत वाऱ्यानं पंख उचलला.

"गो अराउंड, काका! वर घ्या!"

थ्रॉटल दिला, वर घेतलं. मोठी फेरी मारून विमान परत माळाकडं वळवलं.

"आता शेवटचं. स्पीड सोडू नका. चाक लागेपर्यंत उडवत राहा."

मी वेग धरून ठेवला. जमीन जवळ आली. चाकं लागली, विमान एकदा उसळलं, परत बसलं, पळत गेलं. शेवटी दगडाला अडून नाकावर आलं. प्रॉपेलर तुटला. बाकी सगळं शाबूत.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही. मॅडमनी रिमोट माझ्या हातातून काढून घेतला. वहिनी माळावर चालत गेल्या, वाकून पंखाला हात लावला, माती झटकली.

मी म्हणालो, "वहिनी, बघून झालं. आता घरी न्या. कपाटावर ठेवा, नीट राहील."

त्यांनी मान हलवली.

"नको, भाऊजी. घरात फोटो हाय की हार घातलेला. त्याला मी रोज बघती. हे तुम्ही उडवा."

मी नवा प्रॉपेलर बसवला. नाईक रावसाहेब चव्हाण बर्फात गेला तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता. रविवारी वारा पडलेला असला, तर सकाळी आठला मी त्याचं विमान वर नेतो.