स्पीकरमधल्या टाळ्या

माझ्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये नवे आवाज आले होते. त्यातल्या खणखणीत टाळ्या घालून मी सोसायटीच्या गणपतीसाठी आरती तयार केली. संध्याकाळी ती स्पीकरवर लागली आणि माणसं नुसती हात जोडून उभी राहिली. फक्त शेजारच्या काकू टाळ्या वाजवत होत्या, नेहमीसारख्या जरा मागे रेंगाळत. मग त्याही थांबल्या. "माझाच ताल चुकतोय," असं पुटपुटत त्यांनी ओशाळून हात पदराखाली घेतले.

माणसांची आरती मागे राहिलेल्यासाठी जराशी रेंगाळते. माझ्या आरतीला थांबणं ठाऊकच नव्हतं. मला मान वर करवेना.

नंतर प्रसाद मीच वाटला. पुढे आलेला एकही तळहात टाळ्यांनी लाल झालेला नव्हता. काकूंचाही नाही.