फुलाला गाव मधून बघायचं होतं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम काय केलं असेल तर रिकाम्या कार पार्कमध्ये उलट्या बाजूनं गाडी चालवायची प्रॅक्टिस. रविवारची सकाळ होती. इथं लंडनजवळ, आमच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर, कारखान्यांच्या भागात, रविवारी चिटपाखरू नसतं. फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजवीकडनं जातात आणि इकडच्या गाडीचं स्टिअरिंगही उजवीकडंच. म्हणजे तिकडं पुढं एखादी लॉरी आली आणि ओव्हरटेक करायचं म्हणलं, तर चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. दिसतं ते डावीकडं बसलेल्या माणसाला. आमच्या गाडीत डावीकडं बसणार फुला, म्हणजे पंचफुला, माझी बायको. तिनं जन्मात गाडी चालवली नाही. पण आता माझे डोळे तीच होणार होती. कुणीतरी सोडून दिलेली एक शॉपिंग ट्रॉली मधोमध उभी केली, तिला समोरून येणारी लॉरी समजायचं ठरलं, आणि फुला मान बाहेर काढून बसली.

"थांबा! थांबा की हो! दिसत नाही का?"

"मला दिसलं असतं तर तुला कशाला बसवलं असतं तिथं?"

"मग ऐका ना. घरात ऐकत नाही, गाडीत तरी ऐका."

जा म्हणायचं तिला जमतच नव्हतं. रस्ता मोकळा असला तरी थांबाच. मी वैतागून म्हणलं, "अगं, तुझ्या मतानं चाललो तर फ्रान्सभर एका ट्रॅक्टरच्या मागं रांगत जाऊ." तर म्हणते कशी, "जाऊ की. आपण गावं बघायला चाललोय का ट्रॅक्टरला हरवायला?" आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की मी गाडी बंदच केली. हसून हसून तिला धाप लागली. ती धाप हसण्याची होती असंच मला वाटलं... तिलाही तसंच वाटलं असणार. घरी आलो. वरण-भात खाल्ला. ती खुर्चीत फ्रान्सचा नकाशा मांडीवर घेऊन बसली आणि मी भांडी धुवून येईपर्यंत गेलेली होती. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी बरेच प्रयत्न केले. चांगली पोरं होती. पण मला तिच्याकडं बघूनच कळलं होतं.

लोक भेटायला येतात आणि विचारतात, ह्या वयात फ्रान्स कुठून काढलं? तर ते असं. दर उन्हाळ्यात टीव्हीवर तिकडची सायकलींची शर्यत लागते. फुलाला सायकलींशी काही घेणं नव्हतं. हेलिकॉप्टरातून वरून गावं दाखवतात ना, ती बघायला ती बसायची. सूर्यफुलांची शेतं, दगडी घरं, मध्ये चर्चचा मनोरा, एक चौक. आमच्या लातूरकडंही सूर्यफूल होतं. फुला लहानपणी आईबरोबर दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. एकदा टीव्हीवर असंच एक गाव आलं, तर तिनं चष्मा वर केला आणि म्हणाली, "अहो, ह्यात आपली वस्ती कुठं असेल?" मी म्हणलं, तिकडं तसलं काही नसतं. गाव पडद्यावरून जाईपर्यंत ती त्याच्या कडाच बघत राहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची वस्ती गावाच्या बाहेर. गावातून बाजाराला जायचं तर मधल्या रस्त्यानं नाही, ओढ्याच्या कडेनं, लांबून. फुलाच्या बापानं एकदा तिला खांद्यावर घेऊन मधून नेलं होतं, तर पारावरच्यांनी हाक मारून विचारलं, कोण रे तू, कुणाचा? त्यांना माहीत असूनही विचारलं. बाप तसाच मागं फिरला. खांद्यावरून तिला त्याचा चेहरा दिसला नाही, पण कान लाल झालेले दिसले, असं ती सांगायची. एवढंच सांगायची. नंतर आम्ही इकडं आलो. मी बेकरीत लागलो, ती शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी झाली, पोरांना जेवण वाढायला, बुद्धविहारात दर रविवारी संध्याकाळी आमची हजेरी. तो विषय संपला असं मला वाटत होतं.

आणि सुट्टी म्हणजे इंडिया. नातेवाइकांच्या चाळीत कुणाचं लग्न, गावी कुणाच्या मरणानंतरचं जलदान, सुटकेसा भरून चॉकलेटं आणि शर्ट. तिथं उतरली की फुला पदर खोचून चुलीपुढं. परत येताना आली तेव्हाहून जास्त दमलेली. म्हणून रिटायर झाल्यावर तिनं फ्रान्सचं काढलं तेव्हा मी आपलं म्हणलं, "गावच बघायचं तर आपल्या गावाला जाऊ की."

"आपल्या गावाला मी सून म्हणून जाते, नाहीतर कुणाची तरी कोण म्हणून," ती म्हणाली. "मला एका गावात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मधून चालत जायचंय. कुणी विचारायचं नाही, कोण तुम्ही, कुणाचे. नुसतं बोंजूर म्हणायचं आणि पुढं."

"आणि त्यांनी काळे लोक म्हणून बघितलं तर?"

"बघू दे. मला पाव घ्यायचाय त्यांच्याकडून, पोरगी द्यायची नाही."

असं बोलायची बाई. 

सगळा हिवाळा आमचं टेबल म्हणजे फ्रान्स होतं. मी चौथी शिकलेला, नकाशा तिच्या ताब्यात. जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलेला, घड्यांवर फाटलेला, तिनं मागून सेलोटेप लावलेला. बोटीनं उतरायचं आणि हळूहळू लुआर नदीच्या खाली, जिथं सूर्यफुलं असतात. मोठ्या शहरांवरून तिचं बोट सरळ पुढं जायचं. जितकं गाव बारीक तितकी ती भिंग जवळ न्यायची. आमचा राहुल मिल्टन कीन्सला असतो, कॉम्प्युटरचं काम करतो, त्यानं पॅरिस सुचवलं. "आई, दोन दिवस तरी राहा ना, टॉवर बघितला नाही तर लोक हसतील." ती म्हणाली, "टॉवरला वेस असते का रे?" त्याला वेस म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तिनं त्याला समजावलं नाही. मला वाटतं मुद्दामच नाही समजावलं. पोराला ते कळायची गरज पडली नाही ह्याचा तिला आनंद होता.

एका गावात एक म्हातारी बाई घरातली खोली भाड्यानं देते, हे फुलानंच शोधलं. फोनवर तीच बोलायची. हिचं शाळेच्या किचनमधलं इंग्रजी आणि तिचं फ्रेंच वळणाचं, पण दोघींचं बरं चालायचं. सोमवारी सकाळपर्यंत नक्की सांगा, नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल, असं ती बाई म्हणाली होती. सोमवारी चहा झाला की फोन करू, असं आमचं ठरलेलं.

आता काही आठवडे झाले. उन्हाळा तोंडावर आला. घरातली खुर्ची मी हलवली नाही आणि तिच्यावर बसतही नाही. राहुल म्हणतो, बाबा, मी बसतो डावीकडं, मी येतो. चांगला पोरगा आहे. पण गाडीत बसलं की माझे कान तिच्या ‘थांबा’कडं लागलेले असतात. परवा मोकळ्या रस्त्यावर मी उगीच ब्रेक मारला, तर मागच्यानं हॉर्न वाजवला. जाईन की नाही, गेलो तर मला गावातला तो मधला रस्ता चालवेल की नाही, खरं सांगतो, माहीत नाही. लोक म्हणतात मन घट्ट करा. कसलं घट्ट? मला ती पाहिजे.

पण ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी काय केलं ते सांगतो. घर माणसांनी भरलं होतं. विहारातले लोक वंदना घेत होते, सून चहा देत होती. राहुल जवळ आला, हळूच म्हणाला, "बाबा, बोट आणि ती खोली, मी सगळं कॅन्सल करू?" मी म्हणलं, बोटीचं तू बघ नंतर. खोलीचं मी सांगतो. त्या बाईला शब्द दिलेला आहे, नाही म्हणायचं तर आपण सांगावं. फोन घेतला आणि मागच्या दारानं कचऱ्याच्या बिनांपाशी जाऊन उभा राहिलो.

बाईनं फोन उचलला. मी कोण ते सांगितलं. मी पुढं काही बोलायच्या आत तीच आनंदानं सुरू झाली. "हां, मॅडमचे मिस्टर! मॅडमनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, घर गावाच्या बाहेर तर नाही ना? मी सांगितलं, नाही मॅडम, बरोबर मध्ये, चर्चच्या समोर. मी वरची खोली ठेवली आहे. खिडकीतून दोन्हीकडं सगळा रस्ता दिसतो. तर मग, यस?"

हे फुलानं विचारलं होतं, मला सांगितलं नव्हतं... नाही म्हणायलाच मी फोन केला होता. तोंड उघडलं आणि यस म्हणालो.

"टू पर्सन्स?"

आतून वंदनेचा आवाज येत होता. "वन," म्हणालो.

"ओह. मॅडम?"

इंग्रजीतला तो शब्द मला काढता आला नाही. मराठीतलाही आला नसता.  मग बाईनं हळू आवाजात विचारलं, खोली कुणाच्या नावावर लिहू?

"पंचफुला," मी म्हणालो. तिला ते कळलं नाही. मग भिंतीला हात टेकून मी तिला एकेक अक्षर सांगत गेलो.