फिगर शिफ्टची व्याख्या

माझं पोस्टिंग डोंगरातल्या सिग्नल सेंटरला होतं. मी हवालदार, टेलिप्रिंटर ऑपरेटर. सकाळी सहाला मशीन तपासायचं, कागदी टेपचं रीळ लावायचं, लॉगबुकात वेळ टाकायची. सुरुवातीच्या कॉम्प्युटरांनाही अशीच भोकांची टेप भरवत. आमच्या टेपवर एका अक्षराला पाचच भोकांची जागा, म्हणून अक्षरं आणि आकडे तीच भोकं वाटून घेत. आधी ‘फिगर शिफ्ट’ची खूण आली की पुढचं सगळं आकडे समजायचं.

नाईक परब आमचा लाइनमन. दोघंही नायगावच्या एकाच चाळीतले. तो रोज टोमणा मारायचा, “तू शेगडीजवळ बसून टकटक कर रे, मी बर्फात वायर शोधतो.”

त्या दिवशी तो दोन जवान घेऊन तुटलेली लाइन जोडायला गेला. ११२० वाजता ब्रिगेडचा मेसेज आला. लाइन पार्टी बर्फाखाली, रेस्क्यू पाठवा, ग्रिड TIWYRP. ग्रिड म्हणजे नकाशावरची जागा, ती आकड्यांतच असते. सहाही अक्षरं कीबोर्डच्या वरच्या रांगेतली, आकड्यांच्या कळांवरची. खूण वाटेत गळली होती. मी सरळ वाचलं, ५८२६४०.

“साब, ग्रिड समझ गया.”

“हंड्रेड पर्सेंट?” कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

अंदाजाने आकडा भरायचा नाही, हा नियम घोटून पाठ होता.

“नो सर.”

“रिपीट मांगो.”

रिपीट ११३१ ला आला. ५८२६४०. दोन्ही जवान जिवंत निघाले. परब नाही.

मला कोणी बोल लावला नाही. उलट नियम पाळला म्हणून शाबासकी मिळाली. ती अजून डाचते. सुट्टीवर आलो तेव्हा परबच्या आईसमोर तासभर बसलो, पण त्या अकरा मिनिटांचं तोंडून निघालं नाही. मला लाज वाटत होती.

आता दादरचं एक मंडळ जुन्या कॉम्प्युटर-शब्दांचा मराठी कोश करतंय. तिथल्या केतकीने फोन केला, “काका, फिगर शिफ्टची व्याख्या द्या ना, दोन ओळींत.” आठवडाभर चैन नव्हतं. लिहायचो, खोडायचो, उठून येरझारा घालायचो. बायको वैतागली, “अहो, बसा की एका जागी!”

काल पाठवली. लगेच केतकीचा फोन.

“काका, व्याख्या मस्त. पण उदाहरणात ग्रिडच्या आकड्यांपुढे माणसाचं नाव कशाला?”

मी तिला सगळं सांगितलं. ‘नो सर’सुद्धा. पहिल्यांदाच कोणाला तरी.

ती म्हणाली, “नुसतं परब लिहिलंय तुम्ही. पूर्ण नाव सांगा.”

“नाईक तुकाराम परब. लाइनमन. नायगाव.”