महानंदाच्या नावावरची नोंद

महानंदा गेल्याची बातमी मला तिनंच काढलेल्या ग्रुपवर कळली. आमच्या दवाखान्यातल्या नर्सना कॉम्प्युटर शिकवायला ती आली, तेव्हा तिनं मोबाईलवर हा ग्रुप काढला होता आणि नाव दिलं होतं ‘शंका विचारा’. त्या सकाळी मी गॅसवर दूध ठेवलं होतं. फोन एकदा वाजला, मग वाजतच राहिला. उघडून बघितलं तर तिचा गळ्यात ओळखपत्र घातलेला फोटो आणि खाली दोन ओळी... काल दुपारी, नांदेडला. त्याखाली एकामागून एक जोडलेले हात. मीही हात जोडायला अंगठा पुढं नेला आणि तसाच थांबवला. दूध उतू गेलं. पोरीनं अजून चाळिशीही गाठली नव्हती. आणि इतकी वर्षं त्या ग्रुपवर मी एक गोष्ट लिहायची टाळत आले होते. तिथं लिहिली नाही, म्हणून आज इथं लिहिते.

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी मी नर्स म्हणून नोकरीला लागले. जुन्या जिल्ह्यातून आलेली रजिस्टरं पोत्यात भरलेली होती. माझ्या नोकरीचे पहिले पंधरा दिवस ती पोती सोडून रजिस्टरं फळ्यांवर लावण्यातच गेले. पुढची तेहतीस-चौतीस वर्षं मी कागदावरच काढली. पेशंट दारातून आत आला की त्याचा केसपेपर कुठल्या गठ्ठ्यात असेल ते मला आठवायचं. एखादं औषध एखाद्याला चालत नसेल, तर वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहायची माझी पद्धत होती. लाल दिसलं की हात आपोआप थांबायचा. मग निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना कॉम्प्युटर आले. यापुढं प्रत्येक पेशंटचा कागद त्यातच भरायचा, असा आदेश निघाला आणि शिकवायला नांदेडहून कंत्राटावरची एक मुलगी येणार, असं कळलं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हे वर्ष. दवाखान्यात हात धुवायला पाण्याचा एक मग ठेवलेला असायचा आणि एका मगात दोघींनी भागवायचं. अशात सोमवारी सकाळी एस.टी.तून उतरून महानंदा चालत आली. मूळची उदगीरची, वडील नव्हते, आई तिकडं, ही कामासाठी नांदेडला खोली घेऊन राहायची. कपाळावर बारीक विभूती, पाठीवर लॅपटॉपची बॅग. पहिल्याच दिवशी माझ्या हातातून माऊस निसटून टेबलाखाली गेला आणि वर्गातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं वाकून माऊस उचलला, माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “जाधव सिस्टरला लेकराची शीर पहिल्या टोचणीत सापडते म्हणं. तुमच्यातल्या कुणाला सापडते? मग ह्या उंदराला काय भ्यायचं, सिस्टर!” त्यानंतर कुणी हसलं नाही.

तिचं शिकवणं मशीनपासून सुरूच व्हायचं नाही. माणसापासून व्हायचं. “पेशंटला त्याचं नाव सांगू नका, त्याला विचारा,” हे तिचं पहिलं वाक्य. “आपली माणसं दवाखान्यात आली की घाबरून कशालाही हाव म्हणतात.” आम्हाला पटेना. तिनं रांगेतल्या मुरुडकडच्या एका आजोबांना आत बोलावलं. “आजोबा, तुम्ही नारायणराव का?” “हाव.” “का लक्ष्मणराव?” “हाव.” “मग नाव काय तुमचं?” “धोंडिबा.” आमची हसून पुरेवाट झाली. पुढं जिल्ह्याचा रकाना आला, तर आजोबा म्हणाले, उस्मानाबाद. ती म्हणाली, “जिल्हा बदलून लई वर्षं झाली, आजोबा. लातूर झाला.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “झाला आसंल. मला कुनी इचारलं न्हाई.” महानंदा हसली नाही. टायपिंग थांबवून त्यांच्याकडं बघत राहिली आणि आम्हाला म्हणाली, “बघा, विचारायला पाहिजे...”

माझ्या घरी तेव्हा यजमान अंथरुणाला खिळून होते. अर्धांगवायू. त्यांचं सगळं अंथरुणात, आणि टँकर आठ-दहा दिवसांनी. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण माझ्या साडीच्या वासावरून का कशावरून, तिनं ओळखलं असावं. पुढच्या सोमवारी ती बसमधून उतरली तेव्हा एका हातात दहा लिटरचा कॅन होता. तिच्या खोलीत एक दिवसाआड का होईना, नळाला पाणी यायचं. “काकांसाठी,” एवढंच म्हणाली. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी त्यांना नीट अंघोळ घातली. नंतर दर सोमवारी कॅन यायचा. मी नको म्हणायची आणि घ्यायची.

आता ते सांगते, जे सांगायला बसले आहे.

त्या दिवशी रांग दारापर्यंत होती. मी पासवर्ड तीनदा चुकवला आणि मशीननं मला बाहेर काढलं. डॉक्टर आतून ओरडत होते, पेशंट पाठवा म्हणून. मी पुन्हा पुन्हा तीच बटणं दाबत होते. महानंदानं ते बघितलं, माझ्या मशीनवर स्वतःचं नाव आणि पासवर्ड टाकला आणि हळूच म्हणाली, “आजच्या दिवस माझ्या नावावर करा, सिस्टर. दुपारी तुमचं सुरू करून देते.” आणि पलीकडच्या खोलीत दुसरं मशीन अडलं होतं, तिकडं गेली. माझ्यापुढं एक बाई येऊन बसली. पायाला जखम, अंगात ताप. मी यादी उघडली. मान वर न करता विचारलं, “रेणापूरच्या गंगाबाई ना तुम्ही?” “हाव,” ती म्हणाली.

ती मुरुडकडची गंगाबाई होती. मी भलत्याच गंगाबाईचा कागद उघडला होता. तिच्या स्वतःच्या जुन्या केसपेपरवर माझ्याच हातानं लाल शाईत लिहिलेलं होतं, की हे इंजेक्शन तिला चालत नाही. पण लाल शाई फळीवरच्या गठ्ठ्यात राहिली, आणि मशीनमधल्या तिच्या ज्या कागदावर तेच उतरवलेलं होतं, तो मी उघडलाच नव्हता. डॉक्टरांनी पडद्यावरचं बघून इंजेक्शन लिहिलं. मी दिलं. मिनिटभरात बाईचे ओठ सुजले, ती छाती धरून “जीव चाललाय बाई” म्हणाली आणि तिला श्वास घेता येईना. डॉक्टर धावले, ऑक्सिजन लावला, तिला लातूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. ती वाचली. पाचव्या दिवशी चालत घरी गेली. हे मी घाईनं लिहिते आहे, कारण ते पाच दिवस मला अजूनही सावकाश आठवायचं धाडस होत नाही.

चौकशीला वरून साहेब आले. टेबलावर छापून काढलेला कागद होता. कुठल्या पेशंटचा कागद किती वाजता कुणी उघडला, ते त्यावर होतं. नाव महानंदाचं. “ही नोंद तुम्ही केली?” साहेबांनी विचारलं. मी खिडकीजवळ उभी होते. मला वाटलं, आता ती माझ्याकडं बघेल. तिनं बघितलं नाही. “हो सर, माझ्या नावावर आहे. मी केली,” ती म्हणाली. मी तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं... पण त्यातून शब्द आला नाही. घरी यजमान होते, नोकरीची तीनच वर्षं राहिली होती, ही सगळी कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी फक्त भीती होती. त्याच दुपारी तिचं कंत्राट संपवल्याचं पत्र आलं.

मी बसस्टँडवर तिच्या मागं पळत गेले. “का केलंस गं असं?” ती बाकड्यावर बसली होती. म्हणाली, “पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही, हे मीच फळ्यावर लिहिलं होतं, सिस्टर. मीच मोडलं.”

“पण चूक माझी आहे. सुई मी टोचली.”

“घरी काका आहेत तुमच्या,” ती म्हणाली. “मला दुसरं काम मिळंल.” तिचा आवाज साधाच होता. बस लागली तशी ती उठली. खिडकीतून हात बाहेर काढून मला जा जा म्हणाली.

पुढच्या सोमवारी तिचा फोन आला. “साडेअकराच्या गाडीच्या कंडक्टरकडं कॅन दिलाय. उतरून घ्या.” मी स्टँडवर उभी राहिले. कंडक्टरनं कॅन माझ्या हातात दिला, बस गेली, आणि मी ते पाणी धरून कितीतरी वेळ तिथंच... ते परत पाठवण्याइतकीही हिंमत माझ्यात नव्हती. यजमानांना त्या पाण्यानं अंघोळ घातली. पावसाळा लागेपर्यंत एकही सोमवार चुकला नाही. आणि दुसरं काम तिला लगेच मिळालं नाही. सात महिने ती घरी बसून होती, हे मला फार उशिरा कळलं.

नंतर तिला बिलोलीकडं काम लागलं. तिथून फोन करायची. “काय करून राहिलात, सिस्टर?” अशी सुरुवात. तिकडच्या बायका तेलुगू बोलायच्या, म्हणून ती विचारायला शिकली होती, ‘मी पेरू एंटी?’, म्हणजे तुमचं नाव काय? “तेलुगूत नावाला पेरू म्हणतात, सिस्टर! दिवसभर मी आपली पेरू पेरू करत हिंडते,” आणि खळखळून हसायची. मी पण हसायची. फोन ठेवला की हसू तोंडावरच वाळून जायचं. दर वेळी ठरवायची, पुढच्या फोनला विषय काढीन.

मी निवृत्त झाले तेव्हा दवाखान्यानं कार्यक्रम ठेवला. शाल दिली. बोलणाऱ्यांनी माझ्या ‘निष्कलंक सेवेचं’ कौतुक केलं. महानंदा खास बिलोलीहून आली होती, मागच्या रांगेत बसली होती. माझ्या हातात माईक आला. आज सांगायचंच, असं ठरवून मी घरून निघाले होते. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या. मान वर करून बघितलं तर सगळ्यांचं थांबल्यावरही ती एकटी वाजवत होती.

यजमान गेले तेव्हा ती तीन दिवस माझ्याकडं राहिली. तेव्हाच मधूनमधून पोटावर हात दाबून बसायची. दाखव म्हटलं तर म्हणायची, हे काम संपलं की दाखवते. दाखवलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटची भेटले ती नांदेडच्या दवाखान्यात. अंगात काही उरलं नव्हतं, फक्त डोळे तेवढेच मोठे होते. एक तरणी नर्स ट्रे घेऊन आली, “महानंदाताई ना?” म्हणाली. महानंदानं मान हलवली, नाही म्हणून. नर्स गोंधळली. “असं नाही...” महानंदा म्हणाली. दोन शब्दांत दम लागत होता. “विचार मला.” पोरीनं विचारलं. तिनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, गाव उदगीर सांगितलं. मग म्हणाली, “आता दे.”

नर्स गेल्यावर मी तिचा हात धरला. “महानंदा, मी साहेबांना लिहून देते. सगळं. अजून उशीर झाला नाही.” तिनं मान माझ्याकडं वळवली. मग विचारलं, “गंगाबाई कशा आहेत?” मी म्हटलं, ठणठणीत आहे, परवा बाजारात दिसली, नातीला घेऊन होती. “मग झालं,” ती म्हणाली आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मी लातूरची बस पकडली. ही आमची शेवटची भेट.

तिला माती उदगीरला दिली. बातमी बघून निघेपर्यंत दुपार झाली, मला पोचता आलं नाही. पंधरा दिवसांनी गेले. तिच्या आईला मी पहिल्यांदाच बघत होते. दारातच उभी राहून मी सगळं सांगून टाकलं... मी कोण, ती नोंद कुणी केली, सुई कुणी टोचली, गप्प कोण बसलं. बसायलाही थांबले नाही. बसले असते तर पुन्हा राहून गेलं असतं.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “ठावं हाय मला. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं पोरीनं. मी लई भांडले तिच्यासंगं. म्हनलं, मी जाते त्या बाईच्या दारात, इचारते. तर म्हनली, आई, तू जाऊ नको. सिस्टर सोता येतील एक दिवस सांगायला. आल्या की च्या पाजल्याबिगर सोडू नको.”

त्यांनी माझ्या दंडाला धरून आत नेलं. तिची खोली होती. खिडकीखाली टेबल, लाकडी खुर्ची, दांडीवर तिचा निळा पंजाबी ड्रेस, धुऊन घडी घातलेला. “हितं बसा,” म्हणाल्या, आणि मला तिच्याच खुर्चीत बसवलं. आतून स्टोव्हचा आवाज आला, आल्याचा वास आला. त्यांनी दोन कप आणले आणि खाली भिंतीला टेकून बसल्या. मी चहा घेतला. शेवटच्या घोटापर्यंत घेतला.

मग त्या म्हणाल्या, “मी कधी बघितलं न्हाई हो तिला शिकवताना. इतकी वर्सं पोरगी गावोगाव शिकवीत हिंडली, अन् म्या एकदाबी बघितलं न्हाई. सांगा की, कशी शिकवायची?”

मी सांगायला लागले. माझ्या हातून माऊस निसटला तिथून. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, तो ठेवून दाखवला. धोंडिबा आजोबांचं सांगितलं तेव्हा त्यांना हसू आलं. पदर तोंडाला लावून त्या हसल्या आणि हसता हसता रडल्या. मी थांबले.

“थांबू नका,” त्या म्हणाल्या. “आनखी सांगा.”