चावीवाल्यांचे शनिवार

भांडण मी चोरून ऐकलं नाही. चर्चमागच्या खोलीत मी वेदीवरच्या कापडांना इस्त्री करत होते आणि भिंत पातळ होती. पलीकडे पाळकसाहेब आणि चावीवाल्यांची जुंपली होती.

"पाचारण देवाकडून येतं, तुमच्या नेलकटरमधून नाही!"

"असेल साहेब. पण तुमच्या फॉर्ममधून येतं, असंही कुठं लिहिलेलं नाही."

चावीवाले म्हणजे आमच्या चर्चचे राखणदार. दार उघडायचं, खुर्च्या मांडायच्या, पत्रं टपालात टाकायची. चाव्यांच्या जुडग्यात नेलकटर अडकवलेलं. दर शनिवारी ते अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे जायचे. त्याची नखं कापायचे, पाय धुवायचे, चादर बदलायचे. शिंपी देवाला आणि देवाच्या माणसांना सारख्याच शिव्या द्यायचा. भेदभाव नाही.

त्या वर्षी देवाच्या सेवेचं शिक्षण घ्यायला आमच्या मंडळीतून एकालाच कॉलेजात पाठवायचं होतं. देवानं कुणाला बोलावलंय हे ठरवायला पाळकसाहेबांनी चाळीस प्रश्नांचा फॉर्म छापून आणला. देवाला इतकी मदत आजवर कुणी केली नसेल. मंडळीतल्या एका ठेकेदाराच्या मुलाला चाळीसपैकी चाळीस. माझ्या नातीनं अकरा ठिकाणी 'माहीत नाही' लिहिलं आणि घरी येऊन रडली.

"आजी, मला जायचंय गं. पण हे बोलावणं की नुसती हौस, कसं कळायचं?"

"मला लग्नाचंही कळलं नव्हतं बाई. चावीवाल्यांना विचार."

चावीवाले हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "शनिवारी येतेस?" एवढंच.

ठेकेदाराच्या मुलालाही त्यांनी तेच विचारलं होतं. तो जाऊन शिंप्याच्या उशाशी अर्धा तास बोलला. शिंप्यानं तांब्या फेकून मारला, नेम चुकला. सवय राहिली नव्हती बिचाऱ्याला. परतताना चावीवाल्यांनी विचारलं, "त्याला दुखतं कुठं?"

"त्याचं अंतःकरणच कठीण आहे, काका."

पुढच्या शनिवारी नात गेली. तिलाही तोच प्रश्न.

"डाव्या टाचेला. पण ते उजवा पाय पुढं करतात. डावीला वास येतो ना, लाजतात."

हे चावीवाल्यांनी पाळकसाहेबांच्या कानावर घातलं, त्यावरूनच ते भांडण. शिफारसपत्र अर्थात ठेकेदाराच्या मुलाचंच गेलं. चावीवाल्यांनी ते नेऊन टपालपेटीत टाकलं आणि पेटीवर दोन थापा मारल्या. प्रत्येक पत्राला मारायचे.

दोन महिन्यांत मुलगा परत आला. तिथं म्हणे आधी भांडी घासायला लावतात, व्यासपीठ फार पुढं. आता लाउडस्पीकर भाड्यानं देतो. छान चाललंय, आवाज वाया गेला नाही.

नात मात्र वर्षभर शिंप्याकडे जात राहिली. एकदा घरी येऊन ओकली, तरी पुढच्या शनिवारी चपला घालून तयार. मी विचारलं, "कळलं का गं?"

"आजी, तिथं गेल्यावर ते विचारायचंच विसरते."

एकदा पाळकसाहेबही मागोमाग गेले आणि दारातच थांबले. शिंपी म्हणत होता, "पोरी, आज डावा आधी धू." साहेब आवाज न करता परतले. माणूस वाईट नाही, फक्त शिकलेला. दुसऱ्या वर्षी फॉर्म निघाला नाही. उरलेले मी कपाटाच्या फळ्यांवर अंथरलेत. नातीचं पत्र साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. पंचमंडळी म्हणाली, "आम्हाला पहिल्यापासून वाटतच होतं."

तोवर चावीवाल्यांना चालताना दम लागायला लागला होता. पत्र टाकायचं तो शनिवारच होता. त्यानंतरचा शनिवार त्यांना दिसला नाही, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? मी म्हटलं, "पत्र द्या इकडं, मी टाकते."

"तुमची इस्त्री तापलीय, ती बघा आधी."

नात त्यांच्यासोबत निघाली. आधी शिंप्याकडे गेले, नखं कापली, चादर बदलली. मग वाटेत दोनदा टेकत टपालपेटीशी आले, पत्र आत टाकलं आणि पेटीवर दोन थापा मारल्या.