गुणवंताच्या घरात कुणाला दुखत नसे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गुणवंताला बघावं ते जाम नदीच्या पात्रात. पलीकडून सावरगावचे गडी दगड भिरकावताहेत, मधोमध रोवलेल्या पळसावर झेंडा फडफडतोय, आणि अलीकडे पांढुर्ण्याचा हा पठ्ठ्या छाती काढून उभा, जणू पडदा नुकताच वर गेलाय! एरवी नगरपालिकेत नळाचे व्हॉल्व्ह सोडणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. पण दगडफेकीच्या या खेळात, गोटमारीत, कपाळ फुटलं, की देवीचा अंगारा जखमेवर दाबायचा आणि हसत घरी यायचा. कुणी विचारलं, "दुखते का गा?" तर उत्तर ठरलेलं.

"छ्या! काई दुखत नाई."

त्याची पोरगी प्रमिला हेच ऐकत मोठी झाली. चौदाव्या वर्षी तिची पाठ एका बाजूला वाकायला लागली. वेणी घालताना एक खांदा वर, एक खाली, हे आईच्या, पुष्पाच्या ध्यानात आलं. पोरीनं मात्र पाठ दुखते असं कधी म्हटलं नव्हतं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि सांगितलं, ऑपरेशन करून कण्याला पोलादी सळई लावावी लागेल. पंच्याऐंशी सालची ही गोष्ट.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या अनुराधाबाई वॉर्डात आल्या. खाटेच्या कडेला बसल्या आणि प्रमिलाचा हात हातात घेतला.

"हे बघ बाळ, उद्या मधेच मी तुला जरा जागं करणार. नावानं हाक मारीन. तू पायाची बोटं हलवायची. हलली, म्हणजे सळई लावताना पायाच्या नसांना धक्का लागला नाही, हे आम्हाला कळेल. तोंडात नळी असेल, बोलता येणार नाही. म्हणून दुखत असेल तर माझा हात दोनदा दाबायचा. नसेल तर एकदा."

"त्यानं काय होते जी?" पुष्पानं विचारलं.

"दुखणं कमी करायचं औषध मला मोजून द्यावं लागतं. जास्त झालं तर ही हाकेला उठणार नाही. कमी पडलं तर दचकून हलेल, आणि पाठ उघडी असताना हलणं फार वाईट. तेव्हा हिचा हात सांगेल तसं मी देईन."

मग बाईंनी तालीमच घेतली. बोटं झकास हलली. बाईंनी पाठीच्या वाकलेल्या जागी अंगठा रोवला. प्रमिलाच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण हात तिनं एकदाच दाबला.

गुणवंता फुलला. "आमची पोरगी हाय बाई! तिले काई दुखत नाई."

बाई हसल्या नाहीत. "मग उद्या मी कुणाच्या भरवशावर औषध देऊ?"

"बाई, ह्यायचं काई ऐकू नका," पुष्पा म्हणाली. "गोटमारी झाली का रातभर उशीत तोंड खुपसून कण्हत राह्यते. मी ऐकतो ना!"

बाजूच्या खाटेवरची अंबाबाई म्हातारी खुदकन हसली. "असा हाय का मर्दाचा आवाज? उशीतच निघते?"

सारा वॉर्ड हसला. भर रंगात आलेल्या नटाला पुढचं वाक्य आठवू नये, तसं गुणवंताचं झालं. त्यानं पोरीकडे पाहिलं. ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती. वॉर्डातलं हसू त्याला ऐकू येईनासं झालं.

"पमे," तो खाली बसत म्हणाला, "लय दुखते वं. कपाळ फुटलं तवा डोयापुढं अंधारी आली होती. लोकायपुढं बोललो नाई, एवढंच."

"मंग माह्यासंगं काहून खोटं बोलले, बाबा?"

"मले वाटे, तुले हिंमत येईन." त्यानं नाक पुसलं. "उद्या दुखलं तं दोनदा दाबजो. माही आन हाय."

बाईंनी पुन्हा अंगठा रोवला. या वेळी हात दोनदा दाबला गेला.

दुसऱ्या दिवशी गुणवंता ऑपरेशनच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून होता. बाकावर बसवेना, चहा गिळवेना. पोरीच्या मुठीवर त्याचा जीव टांगला होता. त्या मुठीला गप्प राहायला त्यानंच शिकवलं होतं.

दार उघडलं. अनुराधाबाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला.

"हाकेसरशी उठली. दोन्ही पायांची बोटं हलवली."

"आन हात?"

"दोनदा दाबला. चांगला करकचून! मी लगेच औषध वाढवलं, आणि पोर शांत झोपली."

गुणवंतानं बाईंना हात जोडले. संध्याकाळी वॉर्डाच्या पार टोकापर्यंत प्रमिलाचा आवाज गेला, "बाईऽ, दुखून राह्यलं!" आणि नर्स इंजेक्शन घेऊन धावली. तेव्हा हाच माणूस अंबाबाईकडे वळून म्हणाला, "आयकलं का जी? आमची पोरगी हाय!"

पुढच्या वर्षीही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गुणवंता नदीत उतरला. ते काही सुटलं नाही. एक दगड मनगटावर बसला. घरी येऊन तो ओट्यावर टेकला, तशी प्रमिला हळदीचा लेप घेऊन आली. पाठ ताठ, दोन्ही खांदे एका रेषेत. तिनं बापाचा दुसरा हात हातात घेतला.

"बोला बाबा. एकदा का दोनदा?"

शेजारपाजारची माणसं बघत होती. गुणवंतानं सगळ्यांच्या देखत तिचा हात दोनदा दाबला.